मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आई ४८ वर्षांची. निपाणीत घरी बसून विड्या वळते, रोज हजाराच्या आसपास. सहा-सात महिने झाले, रात्री दोन-तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येतात, हात जड होतो आणि जाग येते. हात झटकला, खाटेवरून खाली सोडला की थोड्या वेळाने बरं वाटतं. आता दिवसाही दोरा बांधताना हातातून सुटतो. सकाळी मधलं बोट मुडपलेलं राहतं आणि टक् करून सुटतं. मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, पट्टा आणि गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत काही फरक नाही. नस चढली म्हणून गावात तेल लावून चोळूनही घेतलं. आता मानेचा एमआरआय करायला सांगितलाय. करावा का? काम बंद करणं परवडणारं नाही."

ताई, एमआरआयचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्यात मानेकडे नेणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तो एक्स-रे. रात्री जाग येणं, हात झटकल्यावर आराम पडणं, बारीक वस्तू हातातून सुटणं, हे सगळं मनगटाकडे नेतं. मनगटातून जाणारी एक नस तिथेच दाबली जाते, त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. आईंचा हात न पाहता निदान पक्कं करणं चुकीचं ठरेल. पण मान की मनगट हे ठरवायला मशीन लागत नाही. घरी दहा मिनिटांत त्याचा बराचसा उलगडा होतो, तो कसा ते सांगते.

आधी त्या 'गॅप'बद्दल. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की पेशंट स्वतःच सांगतात, "माझ्या मानेत गॅप आहे." प्रत्यक्षात एक्स-रेत दिसतं ते उलटं असतं. दोन मणक्यांमधली गादी वयाने सुकते, अंतर कमी होतं आणि कडेला हाडाची टोकं वाढतात. पन्नाशीकडे आलेल्या बहुतेक माणसांच्या मानेत हे थोडंफार दिसतंच, आणि त्यातल्या पुष्कळांना कसलाच त्रास नसतो. केस पांढरे होतात तसंच आहे हे. म्हणून एक्स-रेत बदल दिसला आणि हाताला मुंग्या आहेत, एवढ्यावर दोन्हींची सांगड घालता येत नाही. एमआरआयमध्येही हेच होईल. त्यात एखादी गादी सरकलेली दिसेल, आणि आईंचा त्रास जिथे आहे ती जागा तशीच राहून उपचार मानेचे चालू राहतील.

दुसरा घोटाळा 'नस' या शब्दाचा. रक्त वाहणारी शीर, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे टेंडन, आणि बोटांपासून मेंदूपर्यंत संवेदना नेणारा चेतातंतू म्हणजे नर्व्ह, या तिन्हींना आपण नसच म्हणतो. त्यामुळे 'नस चढली' म्हणून चोळणाऱ्याला आणि 'नस दबली' म्हणणाऱ्या डॉक्टरला एकच म्हणायचंय असं वाटतं. तसं नसतं. चोळल्याने स्नायूची आखड सैल होते. दाबलेला चेतातंतू चोळून सुटत नाही, आणि मनगटावर अंगठा रुतवून चोळलं तर तिथला दाब वाढतोच.

मनगटात काय घडतं ते थोडक्यात बघा. तळहाताच्या बुडाशी आठ लहान हाडांची एक खोलगट पन्हळ असते. तिच्यावर आडवी एक जाड, चिवट पट्टी ताणून बसवलेली असते. या बोळातून दहा वाटसरू जातात: बोटं मिटवणारी नऊ टेंडन आणि एक मीडियन नावाचा चेतातंतू. बोळाच्या भिंती हाडाच्या आणि छप्पर चिवट, त्यामुळे रुंद व्हायला जागाच नाही. टेंडनभोवतीचं अस्तर सुजलं, शरीरात पाणी साचलं किंवा मनगट बराच वेळ वाकलेलं राहिलं की आतला दाब वाढतो. टेंडन दणकट असतात, ती सोसतात. सगळ्यांत मऊ असतो तो चेतातंतू, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि मुंग्या सुरू होतात. रात्रीच का? झोपेत आपण मनगट मुडपून हात गालाखाली किंवा उशीखाली घेतो, आणि हात हलत नसल्याने पाणी बोळाकडे साचतं. झटकल्यावर बरं वाटतं ते यामुळेच. मानेतल्या नसेचा त्रास असा झटकून जात नाही.

आता मुख्य मुद्दा. मीडियन चेतातंतू अंगठा, त्याजवळचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढ्याच भागाला संवेदना देतो. करंगळी त्याच्या हद्दीत येत नाही. म्हणून मी आधी विचारते ते करंगळीबद्दल: मुंग्या येतात तेव्हा करंगळी शाबूत असते का? बहुतेक जणी सुरुवातीला "अख्खा हात बधिर होतो" असंच सांगतात. नीट लक्ष दिल्यावर कळतं की करंगळी आणि तिच्या शेजारची बाजू ठीक आहे. उशाशी एक कागद ठेवा, त्यावर आईंच्या हाताची बाह्यरेषा दिवसाच काढून ठेवा. रात्री जाग आली की मुंग्या असलेला भाग पेनाने भरायला सांगा. तीन-चार रात्रींत चित्र स्पष्ट होतं. कोणत्याही डॉक्टरसमोर हा कागद एक्स-रेपेक्षा जास्त बोलतो.

मानेतून नस दाबली असेल तर चित्र वेगळं निघतं. दुखणं मानेतून किंवा खवाट्याच्या कडेने निघून दंडातून खाली येतं. मान मागे किंवा त्या बाजूला वळवली की ते वाढतं. अंगठा आणि शेजारच्या बोटाबरोबर कोपरापासून खालची अंगठ्याकडची बाजूही बधिर असेल तर मानेतली सहावी नस, दंडाच्या मागचा स्नायू कमजोर आणि मधलं बोट बधिर असेल तर सातवी, असा आमचा अंदाज चालतो. करंगळी आणि अनामिका, एवढीच दोन बोटं बधिर असतील तर संशय मनगटावर नाही, कोपरावर जातो. कोपर आपटल्यावर जिथून झिणझिणी जाते तिथून दुसराच चेतातंतू जातो. दोन्ही हातांबरोबर दोन्ही पायांचे तळवेही बधिर असतील तर मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता बघावी लागते. आणि अंगावर कुठे फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर संकोच न करता सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगातही हाताच्या नसा बाधतात, त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात आणि वेळेत केले तर हात वाचतो. मान आणि मनगट दोन्हीकडे दाब असणंही काही जणांत आढळतं. तरी उपचाराची सुरुवात मनगटापासूनच करावी, कारण तो सोपा, स्वस्त आणि धोका नसलेला असतो.

घरी करायच्या तपासण्या तीन. पहिली: दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं जमिनीकडे आणि कोपरं बाजूला अशी मनगटं मुडपायची, नमस्काराच्या बरोबर उलट. जोर लावायचा नाही, घड्याळ लावून ६० सेकंद थांबायचं. तेवढ्यात नेहमीच्याच बोटांत मुंग्या सुरू झाल्या तर मनगटाकडे कल जातो. नुसतं मनगट दुखलं तर ती खूण धरू नका. दुसरी: डोळे मिटायला सांगून कापसाने आधी करंगळीचं टोक आणि मग अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक हलकेच पुसा आणि फरक विचारा. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारी: दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवायला सांगा आणि बाजूने, डोळे हाताच्या पातळीवर आणून, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बघा. उजवीकडचा डावीपेक्षा चपटा, खड्डा पडल्यासारखा दिसतो का? मग अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगून तुमच्या बोटाने तो खाली दाबा. सहज दबला तर स्नायू कमजोर झालाय. या उत्तरावर पुढचा सगळा मार्ग अवलंबून आहे. उंचवटा शाबूत आहे आणि मुंग्या येऊन-जाऊन आहेत, तर घाई नाही. उंचवटा बसलाय किंवा बोटं चोवीस तास बधिर आहेत, तर पट्ट्यात आणि गोळ्यांत वेळ घालवू नका, थेट शस्त्रक्रियेचा सल्ला घ्या. वाळलेला स्नायू नंतर परत भरेलच याची खात्री नसते.

काही लक्षणं असली तर यातलं काहीच थांबून करायचं नाही. दोन्ही हातांची सफाई जाऊन ब्लाउजची बटणं लागेनाशी होणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ही मानेत मज्जारज्जू दाबला जात असल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी मात्र मानेचा एमआरआय लगेच करायला हवा. अचानक हाताची ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो अर्धांगवायू समजून १०८ ला फोन करायचा.

डॉक्टरसमोर शब्दही जपून वापरा. "हात दुखतोय" म्हटलं की दुखण्याच्या गोळ्या मिळतात. मुंग्या आणि बधिरपणा ही वेगळी तक्रार आहे. कन्नड बोलणारे डॉक्टर असतील तर 'नोवु' न म्हणता 'जोमु' म्हणा, आणि कोणती बोटं ते दाखवा.

आता कारणं. विड्या वळणं हे एक कारण आहे, पण एकटं नाही. एका विडीमागे पान कापणं, तंबाखू भरणं, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत गुंडाळणं, दोरा आवळणं आणि टोक मुडपून बंद करणं, अशा चिमटीच्या हालचाली होतात. हजार विड्या म्हणजे दिवसाला काही हजार चिमटी, त्याही मनगट वाकवून. पण हेच काम करणाऱ्या सगळ्यांनाच हा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात बऱ्याचदा दुसरंही काही असतं: मधुमेह, थायरॉइड कमी असणं, वाढलेलं वजन, पाळी जाण्याचा काळ, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर. गरोदरपणातही हा त्रास होतो आणि बहुतेकींत बाळंतपणानंतर ओसरतो. पुरुषांपेक्षा बायकांत तो जास्त दिसतो. म्हणून पैसे खर्च करायचेच तर आधी दोन रक्त तपासण्यांवर करा: उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), आणि थायरॉइडची टीएसएच. सकाळी दोन्ही हातांची बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील तर संधिवाताच्याही करा. थायरॉइड कमी निघालं आणि गोळी सुरू झाली तर काही जणींच्या मुंग्या तेवढ्यानेच बऱ्याच कमी होतात.

उपचारात पहिला क्रमांक रात्रीच्या मनगटाच्या पट्ट्याचा, म्हणजे स्प्लिंटचा. औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो, पण बरेच लोक तो चुकीचा वापरतात आणि मग "फरक पडला नाही" म्हणतात. दुकानात बहुतेक वेळा मिळतो तो कॉक-अप नावाचा पट्टा. त्यात तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असते आणि ती मनगट २० ते ३० अंश मागे वाकेल अशी वळवलेली असते. हाड मोडलं तर ते ठीक, पण या आजारात मनगट मागे वाकवलं तरी बोळातला दाब वाढतो. दाब सगळ्यांत कमी असतो मनगट सरळ असताना. म्हणून ती धातूची पट्टी खिशातून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करा आणि परत घाला. पट्टा बांधल्यावर हाताच्या पाठीवर शाळेतली पट्टी ठेवून बघा, कोपराखालचा हात आणि पंजा एका रेषेत आले पाहिजेत. तळहातावरच्या आडव्या रेषेपुढे पट्टा जाता कामा नये, बोटं पूर्ण मिटली पाहिजेत. बंद इतकाच आवळा की सकाळी कातडीवर खोल वळ उठणार नाही. झोपताना रोज, न चुकता, निदान सहा आठवडे. उपयोग होत असेल तर बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवा. दिवसा कामाला मात्र तो घालू नका. पट्ट्याशी झगडत विड्या वळल्या तर चिमटीला आणखी जोर लागतो आणि खांदाही भरून येतो. रात्री जाग आली त्या तारखेवर कॅलेंडरवर फुली मारायला सांगा. पहिल्या आठवड्यात सहा फुल्या आणि सहाव्या आठवड्यात एक, असं दिसलं तर वाट बरोबर आहे.

काम बंद करा असं मी सांगणार नाही. दर हजार विड्यांवर मजुरी मिळते तिथे त्या सल्ल्याला अर्थ नाही. पण त्याच कामात हाताला लागणारा जोर कमी करता येतो. पान कोरडं राहिलं की ते वळायला बोटं जास्त दाबावी लागतात, म्हणून पानं नीट भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि लागतील तशी काढा. कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्री हे या त्रासाचं मोठं कारण असतं आणि कोणी विचारतही नाही. कात्रीच्या कड्यांना कापडाची चिंधी गुंडाळली तर अंगठ्यावरचा वळ कमी होतो. सगळी पानं एका बैठकीत कापून मग दिवसभर वळण्यापेक्षा थोडं कापणं, थोडं वळणं असं आलटून-पालटून करावं. सूप मांडीवर खोल ठेवलं की मनगट मुडपतं. मांडीवर दुमडलेली वाकळ घेऊन त्यावर सूप ठेवलं तर ते चार बोटं वर येतं आणि मनगट सरळ राहतं. पाठ भिंतीला टेकलेली असावी. दर शंभर विड्यांनंतर एक मिनिट हात सोडून बोटं उघडझाप करायची. त्यात दिवसाला दहा-पंधरा मिनिटं जातात, पण रात्री झोप लागली तर ती दुसऱ्या दिवशी भरून निघतात. घरातल्या कामांत पीठ मळताना तळहाताच्या बुडाने रेटणं आणि धुणं पिळणं ही दोन कामं काही आठवडे दुसऱ्या कोणाकडे द्या, कारण त्यात थेट त्या बोळावरच दाब येतो. गुरं असतील तर धार काढण्याचंही तेच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडर चालवणाऱ्यांना हाच त्रास यंत्राच्या थरथरीमुळे होतो, त्यांनाही वरचं बरंचसं लागू आहे.

व्यायाम एकच पुरे आहे, टेंडन सरकवण्याचा. बोटं सरळ, मग फक्त पुढची दोन पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग बोटं बुडाशी वाकवून वर सरळ म्हणजे टेबलासारखी, मग टोकं तळहाताच्या बुडाशी लावून चपटी मूठ. प्रत्येक ठिकाणी ५ सेकंद, असे १० फेरे, दिवसातून तीनदा. मुंग्या वाढल्या तर थांबा. मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम करू नका. तो सर्रास सांगितला जातो, पण जोरात मूठ आवळणं हेच तर इथे टाळायचं असतं. बधिर बोटांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकताना फार जपा. चटका कळत नाही आणि फोड आल्यावर लक्षात येतं, साखर असेल तर तो लवकर भरत नाही. तवा आणि चुलीजवळही तीच काळजी.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी या मुंग्या जात नाहीत, आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटाला व मूत्रपिंडाला अपाय होतो, रक्तदाब वाढतो. 'नसांची ताकद' म्हणून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या बी-१२ कमी असेल तरच कामाच्या. बी-६ जास्त मात्रेत बराच काळ घेतलं तर उलट नसांनाच इजा होते. आईंना दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या गोळ्यांत काय काय आहे ते वेष्टनावरून बघा आणि डॉक्टरांना विचारून अनावश्यक त्या बंद करा. मानेचा पट्टाही उतरवायला हरकत नाही. दोन महिने तो घातल्याने मानेचे स्नायूच ढिले पडतात.

सहा आठवड्यांत फुल्या कमी झाल्या नाहीत तर पुढची पायरी मनगटातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. ही भीती रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत रास्त आहे, एका जागी दिलेल्या एका मात्रेबाबत नाही. साधारण ४० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन बोळात सोडतात, चेतातंतूला टाळून. सुई जाताना बोटात विजेसारखा झटका बसला तर लगेच सांगायचं, म्हणजे डॉक्टर सुई मागे घेतात. पुष्कळ जणींना आठवड्याभरात झोप लागू लागते. आराम किती टिकेल हे मात्र ठामपणे सांगता येत नाही, काहींना काही महिने, काहींना जास्त, आणि बऱ्याच जणींत त्रास परत येतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. इंजेक्शनच्या जागी कातडी थोडी फिकट पडू शकते. एकाच मनगटात पुन्हा-पुन्हा इंजेक्शन घेण्याला मी विरोध करते. दोनदा देऊनही त्रास परतला तर बोळाचं छप्पर उघडणं हाच उपाय. इंजेक्शनचा आणखी एक फायदा आहे: त्याने थोडे दिवस जरी आराम पडला तरी दोष मनगटातच होता याची खात्री पटते.

शस्त्रक्रियेआधी, किंवा मान की मनगट असा गोंधळ उरलाच तर, एनसीव्ही तपासणी करावी. त्यात चेतातंतूला बारीक विजेचे धक्के देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. दोन्ही हातांची करून घ्या, तुलना लागते. हिवाळ्यात सकाळी गार हाताने जाऊ नका. हात थंड असेल तर वेग आपोआप कमी येतो आणि अहवाल चुकतो, म्हणून आधी हात उबदार करून घ्या. सौम्य आजारात ही तपासणी नॉर्मलही येऊ शकते. लक्षणं ठसठशीत असतील तर केवळ तेवढ्यावरून आजार नाही असं ठरवू नये.

शस्त्रक्रिया ऐकायला वाटते तेवढी मोठी नाही. हाताला भूल देऊन तळहाताच्या बुडाशी दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात आणि ती आडवी पट्टी कापून मोकळी करतात. वीसेक मिनिटांचं काम, बहुधा त्याच दिवशी घरी. पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर उंच ठेवायचा आणि बोटं त्याच दिवसापासून हलवायची, नाहीतर ती आखडतात. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर हात कोरडा. ओली पानं आणि तंबाखूची भुकटी जखमेपासून लांब ठेवायची. हलकी कामं दोन आठवड्यांनी, विड्या वळणं साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तेही अर्ध्या संख्येपासून. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा पहिल्याच आठवड्यात थांबतात. कायमचा बधिरपणा असेल तर तो सावकाश जातो, कारण इजा झालेला चेतातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दाबल्यावर दुखणं दोन-तीन महिने राहतं आणि मूठ आवळण्याची ताकदही तेवढ्याच काळात परत येते. हे आधी माहीत नसलं की ऑपरेशन फसलं असं वाटतं. दोन्ही हातांना त्रास असेल तर एका वेळी एकच हात करा, नाहीतर जेवायला आणि आंघोळीला दुसऱ्याची मदत लागते. ऑपरेशन फसतं ते मुख्यतः दोन कारणांनी: पट्टी पूर्ण कापली गेली नाही, किंवा दोष मुळात तिथे नव्हताच. दुसरं टाळायला तो बोटांचा कागद आणि एनसीव्ही उपयोगी पडतात.

यासाठी मोठ्या शहरात जायची गरज नाही. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, कुठेही हाताच्या शस्त्रक्रिया नियमित करणारे अस्थिरोगतज्ज्ञ मिळतील. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं हे खरं, पण कर्नाटकातल्या बीपीएल कार्डावर करायचं असेल तर सीमा ओलांडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: ते रुग्णालय सरकारी आरोग्य योजनेत आहे का, आणि ही शस्त्रक्रिया यादीत आहे का. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते का हेही तिथेच विचारा. आईंकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर तेही बरोबर ठेवा.

राहिलं ते अडकणारं मधलं बोट. तो वेगळा पण सख्खा आजार आहे, ट्रिगर फिंगर. बोटाच्या बुडाशी टेंडन एका कड्यातून सरकतं. कडं जाड झालं आणि टेंडनला गाठ आली की ती गाठ कड्यात अडकते आणि जोर लावल्यावर टक् करून सुटते. तळहातावर बोटाच्या मुळाशी दाबलं तर तिथे दुखरी, हलणारी गाठ लागेल. सकाळी ते बोट जोराने ओढून सोडवू नका. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून सावकाश उघडा. त्याच कड्यापाशी दिलेल्या एका इंजेक्शनने अर्ध्याहून जास्त जणांत ते सुटतं. मधुमेह असेल तर हे प्रमाण कमी. नाही सुटलं तर छोट्याशा छेदातून कडं मोकळं करतात, आणि मनगटाचं ऑपरेशन करायचंच असेल तर दोन्ही एकदम होतात. एकाच हातात दोन्ही आजार दिसले की मला आधी साखरेची शंका येते, म्हणून ती तपासणी टाळू नका. अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे झुकवली की कळ जात असेल तर ते आणखी एक टेंडनचं दुखणं, डी क्वेर्वेन. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण चिमटीच्या कामात तेही असतं, म्हणून एकदा विचारून बघा.

तर या आठवड्यात करायचं ते एवढंच: चार रात्रींचा बोटांचा कागद, अंगठ्याच्या उंचवट्याची तुलना, साखर आणि टीएसएच, आणि पट्टी सरळ केलेला स्प्लिंट. उंचवटा चपटा दिसला तर सहा आठवडे थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. नाहीतर स्प्लिंट आज रात्रीपासून सुरू करा. करंगळीत मुंग्या आहेत की नाहीत आणि साखरेचा आकडा काय आला, या दोन गोष्टी इथे लिहा. करंगळीही बधिर निघाली तर वरचं बरंच बदलतं, मग कोपर आणि मान तपासायची वेगळी पद्धत सांगेन.